साठ अर्ज, एक संध्याकाळ

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

पत्रलेखिका 33 वर्षांच्या आहेत. पुण्यात एम.एस्सी. करून त्या अमेरिकेत गेल्या, तिथे भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली आणि आता मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात संगणकीय भौतिकशास्त्रात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं, ठरावीक मुदतीच्या करारावरचं संशोधन) करतात. करार पुढच्या ऑगस्टमध्ये संपतो. गेल्या वर्षी त्यांनी सहायक प्राध्यापकाच्या पन्नासेक जागांसाठी अर्ज केले. प्रत्येक कव्हर लेटर वेगळं, स्वतः बसून लिहिलेलं. दोन महिने रात्रीचे एक-दोन वाजायचे. झूमवरच्या पहिल्या फेरीला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं, त्यातली दोन फक्त पदवीपर्यंत शिकवणारी लहान कॉलेजं. पुढे काही झालं नाही. यंदा त्यांच्या नवऱ्याने (ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत) एक व्यवस्था लावून दिली. जागांची यादी एका शीटमध्ये, पत्राचा साचा वेगळा, आणि 'मला तुमच्याकडेच का यायचंय' हा मधला परिच्छेद विभागाची वेबसाइट वाचून एआय लिहिणार. एका संध्याकाळी 60 पत्रं तयार झाली. 'माझ्या गेल्या वर्षीच्या पत्रांपेक्षा सफाईदार आहेत,' असं त्या लिहितात. पण त्यातल्या एका पत्रात ज्या प्राध्यापकांबरोबर काम करायची इच्छा व्यक्त केली आहे, ते दोन वर्षांपूर्वीच विद्यापीठ सोडून गेलेले निघाले. 'आता बाकीच्या 59 मध्ये काय असेल या धास्तीने पाठवायचं बटण दाबवत नाही. नवरा म्हणतो, सगळे हेच करतात, तूच मागे राहशील. आईबाबा म्हणतात, इकडेही अर्ज करून ठेव. ही फसवणूक आहे का? आणि नसेल, तर मला असं का वाटतंय?'

उत्तर:

नमस्कार.

फसवणूक आहे का? नाही. निदान सगळी नाही. विभागाचं नाव, पदाचं नाव, जाहिरातीचा क्रमांक, समितीच्या अध्यक्षांचा पत्ता, तारीख हे यंत्राने भरलं तर कोणाचं काही जात नाही. तुमच्या संशोधनाची ओळख करून देणारे दोन परिच्छेद साठही पत्रांत शब्दशः तेच असले तरी बिघडत नाही. तुमचं संशोधन काही गावोगाव बदलत नाही. इतकी वर्षं लोक जुनी फाइल उघडून, नाव बदलून, नव्या नावाने सेव्ह करत आले. तुमच्या नवऱ्याने त्यातला शिणवणारा भाग काढून टाकला, एवढंच.

पण तुम्ही सोबत जोडलेल्या नमुन्यात हे एक वाक्य आहे: 'आपल्या विभागातील या क्षेत्रातील संशोधन मी गेली अनेक वर्षे जवळून पाहत आले आहे.' तुम्ही पाहिलेलं नाही. त्या विभागाचं नावही तुम्हाला जाहिरात आल्यावर कळलं, असं तुम्हीच लिहिलंय. हे वाक्य खोटं आहे आणि त्याखाली सही तुमची आहे. एआयने लिहिलं म्हणून ते खोटं ठरत नाही. तुम्ही स्वतः रात्री एक वाजता लिहिलं असतंत तरी खोटंच असतं. गेल्या वर्षीच्या पत्रांतही असं एखादं वाक्य असेलच, जरा काढून बघा. तेव्हा ते थकव्याच्या भरात खपून गेलं असेल. यंदा साठ वेळा छापून समोर आलं, म्हणून डोळ्यांत खुपलं.

आता दुसरा प्रश्न, असं का वाटतंय. मला वाटतं, तुम्ही पत्ते आणि तारखांबरोबर 'का' हेही यंत्राला देऊन टाकलंत, आणि ते परत घ्यावंसं वाटतंय. पहिल्या फेरीच्या मुलाखतीत जवळजवळ हमखास विचारलं जातं, 'आमच्याकडे का?' तिथे शीट नसते. पत्रातल्या ज्या वाक्यावर तुम्हाला समोरच्याशी पाच मिनिटं बोलता येणार नाही, ते वाक्य पत्रात असू नये. ही कसोटी साठही पत्रांना लावा. माझा अंदाज, मधला परिच्छेद बहुतेक ठिकाणी उडेल आणि पत्र सुधारेल.

यापुढे मात्र तुमच्या पत्रातल्या काही गृहीतांबद्दल बोलायला हवं. तुम्ही धरून चाललात की गेल्या वर्षी पत्रं पुरेशी चांगली नव्हती किंवा पुरेशी जास्त नव्हती, म्हणून काम झालं नाही. मी निवड समित्यांवर बसून अर्ज वाचले आहेत, त्यामुळे हे गृहीत तसंच सोडवत नाही. मोठ्या संशोधन विद्यापीठात एका जागेला दीड-दोनशे अर्ज सहज येतात. पहिल्या चाळणीत समितीचा सदस्य काय बघतो? सीव्ही. प्रकाशनं. संशोधनाचा आराखडा, त्यातही पहिलं पान. मग शिफारसपत्रं. कव्हर लेटर अनेकदा नुसतं चाळलं जातं: हा माणूस नेमक्या कोणत्या उपविषयातला, आमच्या जाहिरातीत बसतो का, करार कधी संपतो. तिथे 'आपल्या विभागाच्या सहकार्यपूर्ण वातावरणाने मी आकर्षित झाले' हे वाक्य असलं काय, नसलं काय. त्या वाक्यासाठी तुम्ही गेल्या वर्षी झोप घालवलीत आणि यंदा मनःशांती. दोन्ही फुकट.

तुम्ही सहज लिहून गेलात की तीनपैकी दोन बोलावणी लहान कॉलेजांतून आली. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती आहे, आणि तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. आयोवातलं ग्रिनेल किंवा मिनेसोटातलं कार्लटन यांसारख्या कॉलेजांत पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात. प्राध्यापकाने वर्षभर शिकवायचं आणि संशोधन करायचं ते विशीतल्या पोरांना हाताशी धरून, बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत. अशा ठिकाणी समिती कव्हर लेटर खरोखर वाचते, ओळ न् ओळ. तिच्या मनात दोन शंका असतात: ही बाई आमच्याकडे टिकेल का, की मोठ्या विद्यापीठाची वाट बघत दोन वर्षं काढेल? आणि आमच्या मुलांना हिच्या कामात घेता येईल का? गेल्या वर्षी तुमच्या हाताने लिहिलेल्या पत्रांनी या शंकांना काहीतरी उत्तर दिलं असणार. म्हणजे तुमची मेहनत वाया गेली नव्हती. ती सगळीकडे सारखी पसरली होती.

यंदाच्या तुमच्या साठांमधलं अशाच एका कॉलेजसाठीचं पत्र तुम्ही पाठवलंय. त्यातला मधला परिच्छेद मराठीत सांगायचा तर असा: 'आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थीकेंद्री दृष्टी आणि आंतरशाखीय संस्कृती यांनी मी विशेष प्रभावित झाले आहे. माझे संशोधन आपल्या विभागाच्या सामर्थ्यस्थळांशी उत्तम जुळते आणि आपल्या ऊर्जावान समुदायाचा भाग होण्यास मी उत्सुक आहे.' यात कॉलेजचं नाव बदलून दुसरं घाला. काही अडतं? नाही. तेच यंत्र इतर उमेदवारांकडेही आहे, त्यामुळे समितीला त्या आठवड्यात हाच परिच्छेद थोड्याफार फरकाने कितीतरी वेळा वाचायला मिळणार आहे.

आता तुमच्याच सीव्हीत असलेल्या गोष्टींवरून लिहिलेला हा बघा: 'आपल्याकडे तिसऱ्या वर्षाला संगणकीय भौतिकशास्त्राचा स्वतंत्र कोर्स आहे, पण अभ्यासक्रमाच्या पानावर त्याला जोडून प्रयोगशाळेचे तास दिसत नाहीत. पीएच.डी. करताना मी सलग दोन उन्हाळे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून कणांच्या गर्दीचं सिम्युलेशन करून घेतलं. त्याला लॅपटॉप पुरतो, आठ आठवड्यांत एक प्रश्न हातावेगळा होतो. तसे तास आपल्याकडे सुरू करायला मला आवडेल.' विशेषणं कमी आहेत. स्तुती तर नाहीच. पण हे दुसऱ्या कॉलेजला पाठवता येत नाही, आणि मुलाखतीत यावर अर्धा तास बोलता येतं. यासाठी त्यांच्या साइटवर पंधरा-वीस मिनिटं घालवावी लागतात: अभ्यासक्रमाचं पान, प्राध्यापकांची यादी, उन्हाळी संशोधनाचं पान. पत्रात त्यांचं कौतुक करायची गरज नसते. तिथे गेल्यावर तुम्ही सोमवारी सकाळी काय कराल ते सांगायचं असतं.

मग नवरा म्हणतो त्याचं काय, की सगळे हेच करतात? करतच असतील. पण सगळे करायला लागले की काय होतं, हे अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी एआय यायच्या कितीतरी आधी पाहिलं. त्यांच्यात एकेक उमेदवार शंभरावर जागांना अर्ज करतो. परिणाम असा झाला की अर्ज आला यावरून उमेदवाराला खरंच यायचंय की नाही हे विभागाला कळेनासं झालं. एखादं मध्यम दर्जाचं विद्यापीठ हुशार उमेदवाराला, तो येणार नाही असं धरून, सोडून द्यायचं; प्रत्यक्षात त्याला त्याच गावात जायचं असायचं, कारण बायकोची नोकरी तिथे. 2006 पासून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने एक सोय केली: प्रत्येक उमेदवाराने जास्तीत जास्त दोन विभागांना असोसिएशनमार्फत कळवायचं, 'मला तुमच्यात विशेष रस आहे.' दोनच. हवे तितके देता आले असते तर त्या कळवण्याला किंमतच राहिली नसती. ही सोय आणणाऱ्या समितीत ॲल्विन रॉथ होते, ज्यांना पुढे 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

एआयमुळे हेच आता सगळीकडे होऊ घातलंय. एनआयएच, म्हणजे अमेरिकेची आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, तिच्याकडे एकाच फेरीत एकाच संशोधकाच्या नावाने 40 हून जास्त प्रस्ताव आल्याची उदाहरणं निघाली. त्यांनी 25 सप्टेंबर 2025 पासून नियम केला: एका मुख्य संशोधकाला वर्षाला सहाच प्रस्ताव, आणि मुख्यतः एआयने तयार केलेला प्रस्ताव त्याचा स्वतःचा मानला जाणार नाही. नोकरीच्या अर्जांना अशी मर्यादा अजून नाही. भौतिकशास्त्रात ते दोन विशेष निरोपही नाहीत. त्यामुळे ते काम तुम्हाला पत्रातूनच करावं लागतं.

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका छापायची रीत आहेच ना. पाचशे पत्रिकांवर तोच मजकूर असतो आणि त्याचा राग कोणी धरत नाही. पण मामांकडे, आत्याकडे अक्षत घेऊन स्वतः जायचं असतं. तुमचा प्रश्न एवढाच उरतो की साठांमध्ये अक्षत घेऊन जायची घरं कोणती.

ती तुम्हीच ठरवायची आहेत, आणि शीट न उघडता. एक कोरा कागद घ्या आणि आठवतील ती नावं लिहा: उद्या नोकरी मिळाली तर 'हो' म्हणायला रात्र लागणार नाही अशी ठिकाणं. यात नवऱ्याची नोकरी, हवामान, विमानतळ, घर परवडतं का, सगळं धरा. पत्रात ते लिहायचं नसतं, पण ठरवताना लपवायचं कशाला? आठ निघतील, बारा निघतील. त्या पत्रांना तुमचा वेळ द्या, मधला परिच्छेद तुमच्या हाताचा. शक्य असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला तुमच्या गाइडने दोन ओळींची ईमेल टाकावी. त्या ईमेलची बरोबरी कुठल्याच कव्हर लेटरला येत नाही. मोठ्या विद्यापीठांसाठीची तीसेक पत्रं साच्यातून जाऊ द्या, मधला परिच्छेद सरळ गाळून, किंवा 'जाहिरातीतल्या अमुक उपविषयात माझं काम बसतं, ते असं' एवढ्या दोन खऱ्या ओळींवर.

आणि उरलेली? ज्या ठिकाणी मिळालं तरी जाणार नाही, किंवा ज्या जाहिरातीत तुमचा उपविषय ओढूनताणून बसवावा लागतो, ती काढून टाका. मला कळतंय, हे म्हणणं सोपं आहे. 2025 च्या सुरुवातीला हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड यांनीच नोकरभरती रोखून धरल्याच्या बातम्या आल्यावर, करार संपत आलेल्या माणसाला आकडा कमी कर असं सांगणं क्रूर वाटू शकतं. तसं वाटत असेल तर नका काढू, साच्यातून जाऊ द्या. फक्त साठ अर्ज पाठवले म्हणून साठ संधी आहेत असं मनात धरू नका; आकडा मोठा दिसला की खऱ्या बारांवरचं लक्ष उडतं, धोका तो आहे.

आता नवऱ्याच्या व्यवस्थेकडे वळू, कारण ती मोडू नये असंच मला वाटतं. ती चांगली आहे, तिला थोडं कडक करायला हवं. शीटमध्ये 'कारण' नावाचा एक रकाना घाला. तो फक्त तुम्ही भरायचा, तुमच्या शब्दांत. मोठ्या विद्यापीठांच्या ओळीत सरळ 'गाळा' असं लिहा. आणि रकाना रिकामा असेल तर पत्र तयारच होऊ नये, अशी अट त्यांना घालायला सांगा. साचा भरणारी साधनं या बाबतीत फार भिडस्त असतात: वर्डचं मेल मर्ज काय किंवा पायथनमधलं जिंजा काय, माहिती नसेल तिथे मुकाट्याने रिकामी जागा सोडून पुढे जातात. जिंजात कडक पर्याय आहे, न सापडलेल्या शब्दावर ते अडून बसतं. नवऱ्याला माहीत असेल.

दुसरं, तयार झालेल्या प्रत्येक पीडीएफमधला मजकूर बाहेर काढून त्यात यादीतल्या बाकी सगळ्या संस्थांची नावं शोधायची. हे यंत्राचंच काम, आणि ते माणसापेक्षा चोख करतं. फाइलच्या नावातही बघा, आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेल्या शीर्षकातही. 'कव्हर लेटर पर्ड्यू फायनल 3' या नावाची फाइल दुसऱ्याच विद्यापीठाला गेली की पुढे कोणी काही वाचत नाही. तरी काही गोष्टी डोळ्यांनीच पाहाव्या लागतात. सिॲटलमध्ये आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, सेंट लुईसमध्ये आहे ती वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी. मायामी युनिव्हर्सिटी फ्लोरिडात नाही, ओहायोत आहे. फ्लोरिडातली ती युनिव्हर्सिटी ऑफ मायामी. इथे घोटाळा झाला तर नावं शोधणाऱ्या यंत्राला कळणार नाही, समितीला लगेच कळेल.

शीटमध्ये कोणती कागदपत्रं, किती पानांची, हेही दर ठिकाणी जाहिरातीतून नव्याने भरा. गेल्या वर्षीचा संच आंधळेपणाने वापरू नका. उदाहरणार्थ, विविधतेबद्दलचं निवेदन (वेगवेगळ्या गटांतल्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी तुम्ही काय केलं, ते सांगणारं): एमआयटीने ते मागणं 2024 च्या मे महिन्यात थांबवलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2025 च्या मार्चमध्ये ती अट काढली. काही ठिकाणी ते दुसऱ्या नावाने, शिकवण्याच्या निवेदनात मिसळून मागतात. संशोधनाच्या आराखड्याच्या मात्र साठ आवृत्त्या नकोत. संशोधन विद्यापीठासाठी एक, पदवी कॉलेजसाठी एक आणि भारतासाठी एक, बस.

एआयला अजिबात हात लावू नका असं मी म्हणणार नाही. जाहिरात आणि तुमचं पत्र समोर ठेवून 'त्यांनी मागितलेलं काय राहिलंय' हे विचारायला ते उत्तम. तीन पानांचा आराखडा दोन पानांत बसवताना काय कापता येईल हे सुचवायलाही चांगलं. इंग्रजीतली आर्टिकल्स, 'अ' आणि 'द', तिथे आपण मराठी माणसं हटकून घसरतो. तेवढं तपासून घ्यावं. विभागात कोण आहे आणि काय शिकवतात, हे मात्र त्याला विचारू नका. ते प्राध्यापक दोन वर्षांपूर्वी गेले हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना ते गप्प बसलं नाही. तसंच, अर्ज पोर्टलवर चढवून पाठवायचं काम स्क्रिप्टकडे देऊ नका. शेवटचं बटण दाबण्याआधी दिसणारी प्रत उघडून बघायची, एकेक.

आईबाबांचं म्हणणं. भारतात अर्ज जरूर करा, पण तिथलं गणित वेगळं आहे. आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) किंवा आयआयटीत मुख्य वजन संशोधनाच्या आराखड्याला. कव्हर लेटरला तिथे फारसं कोणी विचारत नाही. राज्य विद्यापीठात तर पहिली यादी गुणांवर लागते. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी 100 गुणांचा तक्ता आहे: पीएच.डी.ला 30, प्रत्येक शोधनिबंधाला 2 पण जास्तीत जास्त 10, शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला 2, तेही जास्तीत जास्त 10. म्हणजे तुमचे वीस पेपर तिथे पाचांइतकेच. तुम्ही किती मनापासून लिहिलंय याला त्या यादीत रकानाच नाही. तेव्हा इथे यंत्राला खुशाल राबवा. तोच जन्मदिनांक, तीच बी.एस्सी.ची टक्केवारी, तीच प्रकाशनांची यादी दर अर्जात वेगळ्या क्रमाने भरायची असते. हे हाताने करण्यात काहीही पुण्य नाही. पदव्यांच्या मूळ प्रती कुठे आहेत ते मात्र आत्ताच बाबांना शोधून ठेवायला सांगा.

ब्रिटनमध्ये अर्ज करणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ: तिथल्या जाहिरातीसोबत आवश्यक आणि अपेक्षित निकषांची यादी येते, आणि समिती बहुधा ती यादी हातात धरूनच अर्ज तपासते. तिथे प्रत्येक निकषाखाली पुरावा द्यायचा. सुंदर गद्य लिहायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते: तुमची शिफारसपत्रं देणारे तीन प्राध्यापक. बऱ्याच विद्यापीठांच्या पोर्टलवर तुम्ही अर्ज पाठवला की लगेच त्यांना आपोआप ईमेल जाते, 'पत्र इथे अपलोड करा.' दर विद्यापीठाचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा, वर प्रश्नावली: उमेदवार पहिल्या पाच टक्क्यांत आहे की दहा? साठ अर्ज एका संध्याकाळी गेले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिघांच्या इनबॉक्समध्ये साठ-साठ ईमेल पडलेल्या असतील. तुमचं काम वाचलं, त्यांचं वाढलं. त्यांनी पंधरा पत्रं चढवून पुढची तशीच राहू दिली, तर नेमक्या कोणत्या पंधरांना मिळाली हे तुम्हाला कळणारही नाही. जिथे चालतं तिथे ॲकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइन किंवा इंटरफोलिओसारखी सोय वापरा, म्हणजे एकदा चढवलेलं पत्र अनेक ठिकाणी जातं. बाकीच्यांसाठी त्या शीटमधून त्यांच्यापुरती एक छोटी यादी काढा: संस्था, शेवटची तारीख, पोर्टलकडून ईमेल कधी येईल, आणि ती बारा नावं सगळ्यात वर. ही यादी अर्जांच्या निदान तीन आठवडे आधी त्यांच्या हातात हवी, आणि सोबतची ईमेल तिघांना वेगवेगळी, तुम्ही स्वतः लिहिलेली. अर्जांच्या मुदती बहुधा ऑक्टोबरच्या मध्यापासून संपायला लागतात, तेव्हा अर्ज राहू द्या, आधी ही यादी पाठवा.